किल्ल्यांचा जुडगा हातात आल्यावर: निवासी शाळेतला विज्ञान-तंत्रज्ञान विभाग

कार्यालयातून विभागप्रमुखपदाचं पत्र मिळतं आणि त्याच दिवशी हातात किल्ल्यांचा जुडगा पडतो. पत्र फाइलला लावून टाका. जुडगा मात्र टेबलावर पसरा आणि कुठली किल्ली कशाची ते प्रयोगशाळा सहाय्यकांना विचारा. माझ्या जुडग्यात सतरा किल्ल्या होत्या. त्यातल्या पाच कशालाच लागत नव्हत्या. रसायनांच्या कपाटाला तर किल्लीची गरजच नव्हती, दार जरा वर उचलून ओढलं की उघडायचं. मला हे कुणी सांगितलं नाही. मुलांना मात्र ठाऊक होतं.

सातारा जिल्ह्यात, पसरणी घाटाच्या वरच्या अंगाला एका निवासी शाळेत मी अकरा वर्षं हे काम केलं. त्याआधी सांगलीत दिवसाच्या शाळेत शिकवत होते. दोन्हीकडे पाठ्यपुस्तक तेच होतं आणि परीक्षाही त्याच होत्या, पण काम वेगळं होतं. सांगलीत पाच वाजता प्रयोगशाळेला कुलूप लागलं की विभाग बंद. इथे पाच वाजता मुलं मैदानावर, सातला अभ्यासिकेत, आणि रविवारी सकाळपासून मोकळीच. ती कुठे जात नाहीत. त्यामुळे कुलूप लावून ठेवलेली प्रयोगशाळा इथे निम्मी वाया जाते आणि उघडी टाकलेली प्रयोगशाळा केव्हातरी रडवते. कुठली किल्ली, कुणाकडे, किती वाजता, हे ठरवणं हे या पदाचं खरं काम आहे. बाकीचं बरंचसं दिवसाच्या शाळेतही असतंच.

आपल्या भागात 'बोर्डिंग' म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग सुरू केलं. ही एक परंपरा. १९६१ साली साताऱ्यातच देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, ती दुसरी. पाचगणीच्या इंग्रजी शाळा हा आणखी निराळा मामला. तुम्ही यातल्या कुठल्याही प्रकारच्या शाळेत असा, पण कर्मवीरांच्या बोर्डिंगातली एक गोष्ट उचला: मुलांनी आपलं काम आपण करायचं. प्रयोगशाळेतली काचेची भांडी मुलांनीच धुवावीत. स्वतः धुतलेलं चंचुपात्र मूल सहसा फोडत नाही.

ताबा घेताना

पहिल्या आठवड्यात शिकवण्यातल्या सुधारणांचं नाव काढू नका. जडसंग्रह नोंदवही, म्हणजे टिकाऊ वस्तूंची वही काढा, तिला सगळे डेडस्टॉक रजिस्टरच म्हणतात, आणि एकेक वस्तू समोर ठेवून टिक करा. नोंदवहीत असलेली पण कपाटात नसलेली वस्तू सापडली नाही, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. सहा महिन्यांनी कळवलंत तर ती तुमच्या काळात हरवली असं धरलं जातं. मोडकं सामान कपाटात साठवून ठेवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याचं रीतसर निर्लेखन करून घ्या, म्हणजे ते नोंदवहीतून अधिकृतपणे कमी करा. वेळ लागतो, सह्या लागतात, पण दोन कपाटं मोकळी होतात.

वापरून संपणाऱ्या, म्हणजे खपाऊ साहित्याची वही वेगळी ठेवा, आणि घातक रसायनं वजनावर मोजा. 'सोडियम, एक बाटली' ही नोंद काही कामाची नाही. किती ग्रॅम, कुठल्या तारखेला, कुणी काढलं, कुणी परत ठेवलं, एवढं सगळं हवं. सोडियम रॉकेलमध्ये पूर्ण बुडलेलं आहे ना, हे महिन्यातून एकदा डोळ्यांनी पाहा. आम्लांच्या बाटल्या सर्वांत खालच्या फळीवर, ट्रेमध्ये. नायट्रिक आम्ल स्पिरिट-अॅसिटोनपासून लांब. लेबल उडालेल्या बाटलीत काय असेल याचा अंदाज करत बसू नका, आणि ती बेसिनमध्ये तर मुळीच ओतू नका. आमच्या शाळेच्या खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरण आहे, इथलं सांडपाणी तिकडेच उतरतं. घातक कचरा उचलण्याचा परवाना असलेल्या संस्थेला बोलवा, खर्च मंजूर करून घ्या, पावती जपून ठेवा.

वजनावर एवढा भर का, ते सांगते. पाचव्या महिन्यात एका रात्री पावणेअकराला रेक्टरांचा फोन आला. आठवीच्या दोन मुलांनी वसतिगृहाच्या न्हाणीघरात मॅग्नेशियमची फीत पेटवली होती. खिडकीतून पांढराशुभ्र उजेड दिसला म्हणून चौकीदार धावला. कुणाला काही झालं नाही, पण एका पोराने ती विझवायला पाण्याची बादली उचलली होती. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर आग विझायच्या ऐवजी भडकते, तिथे कोरडी वाळूच लागते. फीत अर्थातच त्या उचलून उघडणाऱ्या कपाटातली. आणि किती कमी झाली ते मला सांगता येईना, कारण वहीत 'एक रीळ' एवढंच लिहिलेलं. मुलांचं आउटिंग तीन रविवार बंद झालं, मला लेखी समज मिळाली. ती मिळायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना बोलावून विचारलं, आणखी कुठलं कुलूप असं उघडतं? त्यांनी दोन दाखवली. एक माझ्या खोलीचं होतं.

माणसं

प्रयोगशाळा सहाय्यक तुमच्या आधीपासून तिथे आहेत आणि तुम्ही गेल्यावरही असतील. आमच्याकडे सगळे त्यांना मामा म्हणायचे. कुठल्या वर्षी कुठली तुकडी द्वाड होती, कुठल्या विक्रेत्याच्या परीक्षानळ्या तापवल्या की तडकतात, हे मामांना पाठ. त्यांना विचारल्याशिवाय कपाटांची मांडणी बदलू नका. मी बदलली होती. महिनाभर ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त प्रत्येक वस्तू कुठे आहे ते मलाच विचारत राहिले.

शिक्षकांच्या बाबतीत एक गोष्ट नव्यांना हमखास सुचत नाही. निवासी शाळेत निम्मे शिक्षक हाउसमास्तरही असतात, म्हणजे वसतिगृहातल्या मुलांच्या एकेका गटाची (हाउसची) जबाबदारी त्यांच्यावर असते. रात्री एखाद्या मुलाला ताप भरला तर तेच जागतात. अशा माणसाला सकाळी पहिल्या तासिकेला आम्लांचं प्रात्यक्षिक देऊ नका. जूनमध्ये वेळापत्रक बनतं तेव्हा हाउसड्यूटीचा तक्ता शेजारी ठेवूनच बसा, आणि वेळापत्रकवाल्या सरांशी थोडी घासाघीस करा. प्रात्यक्षिकं जोडतासिकेत आणि शक्यतो जेवणाच्या सुट्टीआधी ठेवा. लांबलं तर पुढच्या तासाच्या शिक्षकांची नाराजी ओढवत नाही, भांडी धुवायलाही वेळ मिळतो.

संध्याकाळ

हा भाग सावकाश वाचा, कारण दिवसाच्या शाळेतून आलेल्या माणसाकडे याचा अनुभव नसतो.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच संध्याकाळी प्रयोगशाळा उघडा, खेळानंतर आणि अभ्यासिकेआधीचा तासभर. एका वेळी बारा मुलं, एक शिक्षक आणि मामा. मामांना त्या तासाच्या बदली सुट्टी मिळेल हे आधी कार्यालयाकडून लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर हा प्रकार दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. दाराशी वही ठेवा: नाव, हाउस, आलेली वेळ, गेलेली वेळ. रेक्टरांना हजेरीसाठी हीच वही लागते, आणि एकदा त्यांचा तिच्यावर विश्वास बसला की ते तुमच्या बाजूचे होतात.

संध्याकाळी काय चालेल, याचा माझा नियम साधा होता. ज्योत नाही, आम्ल नाही, काचेत काही तापवणं नाही. बाकी सगळं चालेल. सूक्ष्मदर्शकाखाली टाकीतलं पाणी, भिंगं, आरसे, सेलवरची परिपथं, मोटारी, उघडून टाकलेला जुना रेडिओ. झाळकाम (सोल्डरिंग) करायचं तर नववीच्या पुढच्यांनी, डोळ्यांना चष्मा लावून, शिक्षक शेजारी उभे असताना. पहिल्या महिन्यात पोरं नुसती गर्दी करतात. दुसऱ्या महिन्यात गर्दी ओसरते आणि सात-आठजण उरतात. ती तुमची.

अभ्यासिकेतही विभागाचा माणूस हवा. सोमवारी भौतिकशास्त्र, बुधवारी रसायन, शुक्रवारी जीवशास्त्र अशी पाळी लावली की मुलं शंका जपून ठेवायला शिकतात. रोज सगळ्यांनी बसायचं असा उत्साह दाखवू नका, माणसं दमतात.

आणि रात्र. दिवसाच्या शाळेला आकाश दाखवायचं तर सहल काढावी लागते, आपल्याला फक्त मैदानावरचे दिवे घालवायचे असतात. लहानशा दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी दिसतात, मृग आणि कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने पकडा. पावसाळ्यातला कार्यक्रम कागदावरच राहतो. शून्य सावलीच्या दिवसाचंही, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या दिवसाचंही असंच आहे. आपल्या अक्षांशावर तो वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये मुलं घरी असतात, ऑगस्टमध्ये सूर्य. अकरा वर्षांत मला तो एकदाच मुलांसोबत दिसला, तोही चारच मिनिटं.

अपघाताची तयारी दिवसासाठी करता तशीच रात्रीसाठीही करा. आम्ल अंगावर सांडलं तर वाहत्या नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं, भाजलं तरी वाहतं गार पाणीच. टूथपेस्ट, तूप, हळद काही लावायचं नाही, हे मेसच्या बायकांनाही सांगून ठेवा, कारण घाबरलेलं मूल आधी तिकडे धावतं. रात्री गाडी कुणाची, चालक कोण, घाटात धुकं असेल तर कुठल्या दवाखान्यात जायचं, हे प्रयोगशाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

पाणी शंभराला उकळत नाही

पहिल्या वर्षी नववीच्या प्रयोगवह्या तपासायला घेतल्या. पाण्याचा उत्कलनांक: १०० अंश सेल्सिअस. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वह्यांत शंभर. आमची शाळा ज्यावर आहे ते पाचगणीचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनांक साधारण एका अंशाने खाली येतो. म्हणजे इथे पाणी ९६ च्या आसपास उकळायला हवं. तापमापी तेच दाखवत होती. मुलं तापमापीत ९६ बघायची आणि वहीत पुस्तकातले १०० लिहायची. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, आम्हाला वाटलं तापमापी खराब आहे." मेसच्या आचाऱ्याला मात्र हे सगळं माहीत होतं. खाली वाईत डाळ जेवढ्या वेळात शिजते तेवढ्यात इथे शिजत नाही, तो म्हणाला.

त्या दिवाळीत मी एक प्रयोग केला, आणि नव्या विभागप्रमुखाने पहिल्या वर्षी एकच उपक्रम करायचा असेल तर हाच करावा असं माझं मत आहे. लाल द्रवाच्या वीस तापमाप्या मागवल्या. पाऱ्याच्या मुलांच्या हाती देऊ नका. आधी सगळ्या एकाच पातेल्यात बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून प्रत्येकीची चूक लिहून घेतली. मग त्या सुट्टीत मुलांबरोबर घरी धाडल्या, सोबत पालकांना चिठ्ठी: मोठं माणूस शेजारी उभं असतानाच पाणी उकळावं, तापमापी भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये. मुलं मुंबईची, रत्नागिरीची, सांगलीची, सोलापूरची, दोन महाबळेश्वरची. परत आल्यावर फळ्यावर गावं आणि आकडे मांडले. रत्नागिरी-मुंबई शंभराच्या आसपास, सांगली अठ्ठ्याण्णवच्या, महाबळेश्वर आमच्याहूनही खाली. उंचीचे आकडे नकाशावरून काढून आलेख काढला. रेघ अगदी सरळ आली नाही, एका सोलापूरकराने तापमापी तळाला टेकवली होती हेही त्यातूनच कळलं. दिवसाच्या शाळेत सगळी मुलं एकाच गावची असतात, हा आलेख तिथे निघूच शकत नाही.

मुलांच्या घरात किती विज्ञान आहे ते आधी विचारून घ्या. तासगाव-मिरज भागातलं द्राक्षबागायतदाराचं पोर वर्गात असेल तर विस्थापन अभिक्रिया त्याच्याकडूनच शिकवून घ्या. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: बागेवर फवारायचं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. फवारण्याआधी त्यात लोखंडी सुरी बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. लोखंडाने मोरचुदातलं तांबं बाहेर काढलं, हे पुस्तकात दहा ओळींत आहे आणि त्या मुलाच्या वडिलांच्या खिशात. सांगलीच्या हळदीचंही तसंच. गाळणकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा, साबणाच्या पाण्यात लालसर होतो, लिंबाच्या रसाने परत पिवळा. आम्लारी ओळखण्यापुरता तो लिटमसच्या जागी चालतो आणि पोराच्या घरून फुकट येतो.

सहली मात्र मोजक्याच काढा. कासला नेलंत तर फूल तोडायचं नाही हे बसमध्ये बसायच्या आधी सांगा, वही आणि भिंग पुरेसं आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली मुलं उभी राहिली की ऊर्जेचा पाठ निम्मा शिकवून होतो. कोयनेला गेलात तर वीजनिर्मितीसोबत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दलही बोला. पाटणकडच्या मुलांच्या आजी-आजोबांना तो आठवतो, त्यांच्याकडून ऐकून यायला सांगा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशी चढते, आणि एकदा काचेवर तिचं जाळं कोरलं गेलं की भिंग गेलं म्हणून समजा. मेअखेरीस सगळे सूक्ष्मदर्शक एका घट्ट दाराच्या कपाटात हलवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळी जेल ओल शोषून गुलाबी झाली की तापवून पुन्हा वापरता येते. नारिंगी मिळाली तर तीच घ्या, निळीत कोबाल्ट असतं. कपाटात साधा चाळीस वॉटचा दिवा लावून ठेवण्याची जुनी पद्धतही चांगली आहे, फक्त पुठ्ठा किंवा कापड त्याला लागणार नाही एवढं बघा.

वळवाचे ढग जमले की संगणक कक्षातले प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, राउटरची तारसुद्धा ओढून ठेवा. हे मी दोन राउटर जळाल्यावर शिकले.

संगणक आणि पासवर्ड

पासवर्ड म्हणजेही किल्ल्याच. माझ्या आधीचे सर गेले तेव्हा सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. तो मिळवायला पंधरा दिवस आणि एक किलो कंदी पेढे लागले. सगळे पासवर्ड लिहून सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवा, दर सत्राला बदला. रात्री दहाला वसतिगृहाचं वायफाय बंद झालंच पाहिजे, पण तो निर्णय रेक्टरांचा म्हणून जाहीर होऊ द्या. मुलांशी वाद घालायला त्यांच्याकडे जास्त ताकद असते. लपवलेला मोबाइल सापडला तर तो उघडून पाहू नका, तसाच बंद करून रेक्टरांकडे द्या आणि पोच घ्या.

गुण, पैसे, कागद

राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, प्रात्यक्षिकांचे २०. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात ७० अधिक ३०. आयसीएसईच्या शाळेत असाल तर दहावीलाच तिन्ही विषयांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका, त्यामुळे तिथे तीन शिक्षकांचा मेळ आणखी आधी घालावा लागतो. मागणीपत्रक फेब्रुवारीत द्या, तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता जोडून. उपकरणं अंबाल्याहून मागवलीत तर स्वस्त पडतात, पण काच पुण्या-कोल्हापूरहूनच आणा, प्रवासात फुटलेल्याचं भांडण लांबून लढता येत नाही. मी अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा फुटतुटीसाठी धरायचे. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी मुलांच्या कल्पना पाठवणार असाल तर बँक खात्याचा तपशील जूनमधल्या भेटीच्या रविवारीच पालकांकडून घ्या. निवड झाल्यावर दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात, आणि पासबुक नेमकं गावाला कुलपात असतं.

सुट्टी लागताना

शेवटच्या दिवशी मुलं दुपारपर्यंत निघून जातात आणि इमारत एकदम मोठी वाटायला लागते. गॅसचे सिलिंडर बाहेरच्या जाळीत, रेग्युलेटर काढून. फ्रिज रिकामा करून दार उघडं. टाकीतले गप्पी मासे मेसच्या मामांकडे, किती चिमूट खाद्य ते चिठ्ठीवर लिहून, नाहीतर ते पोळी घालतात. किल्ल्यांचा एक संच पाकिटात घालून, वर तारीख आणि सही, कार्यालयात. तापमाप्या ज्यांच्याबरोबर गेल्या त्यांची नावं वहीत. परत येताना त्यातल्या दोन-तीन फुटलेल्याच असतात. तेवढ्या फुटतुटीत लिहा.